डाव्या कोपऱ्याचा हिवाळा

थंडी पडली की लोकांना काय काय सुचतं. कुणाला डिंकाचे लाडू, कुणाला हुरडा, कुणाला नवा स्वेटर. मला राग सुचतो. तोही साधासुधा नाही. बेलापूरच्या खाडीत बुडवला तर पाणी उकळून अख्ख्या दिवाळे गावाच्या आंघोळी उरकतील, असा राग. आणि तो बरोबर सकाळी साडेसहाला येतो, कारण त्याच वेळी आमच्या गावाला लागून असलेल्या बागेत हास्यक्लब सुरू होतो.

"हा हा हा! हो हो हो! हसा आणि निरोगी राहा!"

चाळीस माणसं, एका तालात, हात वर करून. पावसाळ्यात चिखल असतो, उन्हाळ्यात घाम असतो, तेव्हा यांना हसू येत नाही. खाडीवरून गार वारा सुटला, की मग येतं. यंदा बागेच्या फाटकावर नवा फलक लागलाय. 'हसा, ताण घालवा, रक्तदाब आटोक्यात ठेवा.' खाली पिवळ्या टी-शर्टातल्या मंडळींचा फोटो. प्रत्येकाचे बत्तीसच्या बत्तीस दात बाहेर. मी उभा राहून मोजले. एका आजोबांचे तर छत्तीस भरले. तो फलक वाचता वाचता माझाच रक्तदाब इतका चढला, की शेजारी झोपलेलं कुत्रं उठून लांब जाऊन बसलं.

आता कुणी म्हणेल, हा माणूस हसण्याच्या विरुद्ध आहे. मी? अहो, मी जन्माने दिवाळ्याचा कोळी आणि पेशाने तीस वर्षं बसचा कंडक्टर. माझ्या बसमध्ये एकदा चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, टोपली सुटली, तेव्हा चिंबोऱ्या ओळीने पुढच्या दाराने उतरल्या आणि शेवटच्या चिंबोरीने घंटीही मारली, हे मी हजार वेळा सांगितलंय आणि हजार वेळा माणसं पोट धरून बसली आहेत. हसण्याचे फायदे मला फलकावरून शिकवू नका. संध्याकाळी सहाच्या बसमध्ये माणसं चढत, तेव्हा त्यांचे खांदे कानाला टेकलेले असत. एक टोमणा मारला, एक हशा झाला, की खांदे आपोआप खाली यायचे. दात-ओठ आवळून उभा असलेला माणूस लांब श्वास सोडायचा. बाजूच्याला म्हणायचा, बसा काका. डॉक्टर म्हणतात ते खोटं नाही. हसल्यावर छाती मोकळी होते, भूक लागते, झोप लागते. हे मी माझ्या डोळ्यांनी तीस वर्षं पाहिलंय, उभ्याने.

पण हेही पाहिलंय, की हसू ही सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर घ्यायची गोळी नाही. ते कुठून येतं, कुणाकडून येतं आणि कधी येतं, यावर सगळं असतं. चुकीच्या वेळी आलं, तर ते माणसाचा घात करतं. हे फलकावर का नाही लिहीत? जागा कमी पडते का? त्या छत्तीस दातांतले चार कमी करा.

तीन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आता पुन्हा वलांडीवर बोंबील चढलेत, म्हणून पुन्हा आठवतेय. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांच्यामध्ये ताणलेल्या दोऱ्या. ताजा बोंबील लिबलिबीत, हातातून निसटणारा. पण तोंडाला दात बारीक आणि वाकडे. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकून द्यायची. वाऱ्याने हलतात, सुकतात, पण सुटत नाहीत. दुरून पाहिलं तर वाटतं, खाडीकाठी कुणी चांदीची झालर लावलीय. जवळून वास घेतला तर नवीन माणूस पळून जातो. आम्हाला त्या वासाशिवाय थंडी आल्यासारखी वाटत नाही.

आणि त्या दोऱ्यांखाली बायका. हात बोंबलांत आणि तोंड एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्यांत. हिची सून, तिचा दीर, पलीकडचीचं नवीन टोचलेलं नाक. जिची पाळी येते तिला पळता येत नाही, कारण हातात जबडे असतात. तिथे कुणी 'हसा' म्हणत नाही. तिथे हसू आवरा म्हणायची वेळ येते.

त्या सगळ्यांची मुकादम म्हणजे माझी बायको, यमुना. मी गप्पिष्ट, पण ती नकलाकार. बाजारात मासळी घेऊन बसली, की तिची हाक बसस्टॉपपर्यंत यायची. "पापलेट घ्या, बांगडा घ्या, बोंबील बघा माझा, पानी तरी हाय का त्यात!" सोसायटीतल्या मॅडम नाक मुरडत यायच्या आणि हसत जायच्या. घरी आली की दिवसभराची सगळी गिऱ्हाईकं ती मला करून दाखवायची. पण तिची खासियत म्हणजे कमळवयनी. माझ्या थोरल्या भावाची बायको, यमुनेची जाऊ, बाजारातही शेजारचीच जागा. कमळवयनी डाव्या गालात तंबाखू धरून उजव्या बाजूने बोलते. यमुना पदर खोचून तशीच बसायची, एक गाल लोंबता सोडायची आणि अर्ध्या तोंडाने अख्ख्या गावाचा उद्धार करायची. मी हसून हसून भिंतीला टेकायचो. कमळवयनीला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर आज मी हे लिहायला शिल्लक नसतो.

तर त्या सकाळी मी ओटीवर बसलो होतो. गार वारा, दूरवर पाम बीच रस्त्याच्या दिव्यांवर धुरकट पांढरं धुकं. यमुना चहा घेऊन समोर बसली. एक घोट घेतला आणि चहा तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर उतरला. उजवा गाल जागच्या जागी, डावा लोंबलेला. ती म्हणाली, "अवो, मना काय झालाय वो?" शब्दही उजव्या बाजूनेच आले.

आणि मी हसलो.

नुसता हसलो नाही. मांडीवर थाप मारली. टाळ्या वाजवल्या. "हुबेहूब! हुबेहूब कमळवयनी! आज तर चहापन गाळलास! अजून एकदा कर!"

ती माझ्याकडे बघत राहिली. डावा डोळा टक्क उघडा. मला वाटलं, काय अभिनय आहे. आणि मग तीही थोडी हसली, अर्धीच. तिला वाटलं, नवरा एवढा हसतोय, म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार. रात्री कुशीवर झोपल्यामुळे गाल बधिर झाला असेल. तिने पदराने हनुवटी पुसली, टोपली घेतली आणि बाजाराला गेली.

हसल्याने ताण कमी होतो म्हणतात ना? झाला. माझ्या हसण्याने तिचा ताण कमी झाला, चांगला सहा तास कमी झाला. नेमका त्या सहा तासांत तिला ताण यायला हवा होता.

दुपारी एक परिचारिका तिच्याकडे मांदेली घ्यायला आली. तिने यमुनेकडे एकदाच पाहिलं. "मावशी, डोळे मिटा. दोन्ही. ओठ फुगवा. हे कधीपासून आहे?" यमुना म्हणाली, सकाळपासून. "आणि घरात कोणी बघितलं नाही?" यावर यमुना काय बोलली ते मला अजून माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही. परिचारिकेने तिला स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेलं आणि मला फोन आला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी यमुनेचे हातपाय उचलायला लावले, कपाळाला आठ्या घालायला लावल्या, आणि म्हणाले, "मेंदूचं नाही. चेहऱ्याची नस सुजलीय. औषध आजच सुरू करू, बहुतेक पेशंट बरे होतात. वेळ लागेल. डोळा जपा, तो मिटत नाहीये." मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "पण काका, तोंड वाकडं झालं की ते मेंदूचं आहे की नसेचं, हे घरी ठरवायचं नसतं. हे पक्षाघाताचं असतं, तर सकाळपासूनचा हा वेळ परत मिळाला नसता. आधी दवाखान्यात यायचं. काय करत होतात तुम्ही?"

मी हसत होतो, डॉक्टर.

हे मी बोललो नाही. तीस वर्षं तोंडाची टकळी चालवलेला माणूस मी, औषधाची चिठ्ठी उचलली आणि दुकानाकडे चालायला लागलो.

मग सुरू झाला तो हिवाळा. एका बाजूचा. डोळ्यात थेंब, झोपताना डोळ्यावर पट्टी, आणि आरशासमोर व्यायाम. गाल फुगवायचे, फुंकर मारायची, भुवया उचलायच्या आणि स्मित करायचं, दहा वेळा. ओटीवर आरसा टांगला होता. यमुना त्याच्यासमोर बसून 'हसायची'. उजवा कोपरा वर जायचा, डावा तिथेच, कुणी खिळा मारल्यासारखा. मी आतून ऐकायचो. आवाज नसलेलं हसू कधी ऐकलंय का तुम्ही? मी ऐकलंय. त्याच्यापुढे मोटारीचा कर्णा मऊ वाटतो.

त्याहून वाईट म्हणजे मासळीची नावं. ओठ मिटल्याशिवाय न येणारी अक्षरं तिच्याकडून निसटायला लागली. पापलेट म्हणायला जावं तर डाव्या बाजूने हवा सुटायची. बांगडा नाही, मांदेली नाही. आणि बोंबील? त्या शब्दाला तर जागोजागी ओठ मिटावे लागतात. कधी नव्हे ते मला कळलं, की आमचा अर्धा धंदा ओठांवर उभा आहे. ती बाजारात जायची, पण हाक मारायची नाही. पदर तोंडाला लावून बसायची.

गावात जो तो म्हणायचा, वारा लागला. सोसायटीतल्या मॅडम म्हणायच्या, "मावशी, टेन्शन घेऊ नका. पॉझिटिव्ह राहा. हसत राहा, सगळं ठीक होतं." मोबाईलवर फुलं यायची, उगवता सूर्य यायचा, 'हास्य हेच सर्वोत्तम औषध' यायचं. अरे, जिची हसायचीच नस बंद पडलीय तिला म्हणता हसत राहा? लंगड्याला सांगा, धावत राहा, पाय बरा होईल! मी एकेकाला उत्तर लिहायचो आणि यमुना पाठवू द्यायची नाही. "चांगल्यासाठीच बोलतात वो," म्हणायची. ते 'वो' सरळ यायचं नाही, फुंकर होऊन यायचं.

आणि तरी मीच तिला हास्यक्लबात घेऊन गेलो. हो, मीच. पोहता न येणारा माणूस पाण्यात काडी धरतो म्हणतात, मी तर बागेचं फाटक धरलं.

क्लब चालवणारे गृहस्थ निवृत्त अधिकारी, सगळे त्यांना सर म्हणतात. गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की हसायचं, पुन्हा वाजली की थांबायचं. माझी बसही एवढ्या शिस्तीत कधी थांबली नाही. आधी लस्सी हास्य झालं, मग मोबाईल हास्य, मग सिंह हास्य, त्यात जीभ बाहेर काढायची असते. यमुना मागच्या ओळीत, पदराआड. सरांच्या नजरेतून ती सुटली नाही.

"मावशी, पदर काढा! मोकळं हसा! हसायला काय जातं आपलं?"

यमुना कुणाचा शब्द मोडत नाही. तिने पदर काढला आणि हसली.

पुढच्या ओळीतल्या एक बाई पटकन आपल्या बुटाची नाडी बांधायला वाकल्या. त्यांच्या पायात चपला होत्या. सरही क्षणभर गडबडले, पण माणूस तयारीचा. खिशातून फोन काढला, फोटो घेतला आणि म्हणाले, "ही बघा जिद्द! टाळ्या!" चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या. दुसऱ्यांदा. पहिल्या मी वाजवल्या होत्या.

संध्याकाळी बाजारात एक मॅडम यमुनेला मोबाईल दाखवायला लागल्या. "मावशी, तुम्ही आमच्या ग्रुपवर! किती प्रेरणादायी!" यमुनेने तो फोटो पाहिला. आरशात ती रोज बघत होतीच, पण आरसा तिचा होता. तिने टोपलीवर फडकं टाकलं आणि घरी आली. त्यानंतर आरसा भिंतीकडे तोंड करून टांगला गेला. व्यायाम बंद. थेंब मी घालायचो, तेही ती डोळा दुसरीकडे वळवून.

दुसऱ्या सकाळी मी बागेत गेलो. असा गेलो, की वाटेतल्या बगळ्यांनी खाडी बदलली. सिंह हास्य चालू होतं, सरांची जीभ बाहेर होती. मी म्हटलं, "ती आत घ्या आणि फोटो काढून टाका."

"अहो, पण लोकांना किती हुरूप आला तो बघून..."

"लोकांना हुरूप यावा म्हणून माझी बायको वाकडी झालेली नाही!"

मग मी जे काही बोललो, ते बागेतल्या झाडांनी पानं मिटून ऐकलं. सरांच्या शिट्टीपासून सुरुवात केली आणि त्यांच्या पिवळ्या टी-शर्टापर्यंत आलो. त्यांनी मान खाली घालून फोटो काढून टाकला, सगळ्यांना काढायला लावला. आणि माझा दम संपल्यावर हळूच म्हणाले, "चुकलं माझं. घरी मी एकटाच असतो हो. दिवसभर कुणाशी बोलणं नाही. इथे आलो की काय करतो, माझं मला कळत नाही." माझ्या तोंडात अजून तीन वाक्यं तयार होती, चांगली धारदार. ती गिळावी लागली. राग धरायला एखादा माणूस मिळावा आणि तोही असा हातातून निसटावा, ओल्या बोंबलासारखा! मग राहिलो मी एकटा. आणि माझ्या टाळ्या.

खरं सांगायचं तर त्या हिवाळ्यात यमुनेला सगळ्यात जास्त कुणी छळलं असेल, तर चांगुलपणाने. वलांडीवर ती आली, की बायका एकदम सभ्य व्हायच्या. "ये यमुने, बस. जपून हां." कुणाच्या सुनेचा विषय नाही, कुणाच्या नाकाचा विषय नाही. ज्या बायकांनी यमालासुद्धा टोमणा मारून परत पाठवला असता, त्या देवळात बसल्यासारख्या बसायच्या. घरी मीही तसाच. एक गोष्ट सांगत नव्हतो. हसवलं तर तिचं तोंड अजून वाकडं दिसेल, ही भीती. सगळ्या गावाने मिळून एका बाईभोवती शांतता विणली होती, जाळ्यासारखी, आणि ती आत तडफडत होती.

शिमग्याला थोडे दिवस उरले होते. ऊन चटका द्यायला लागलं होतं, थंडी पहाटेपुरती उरली होती. मी वलांडीचे बांबू घट्ट करत होतो. यमुना पदर दातांत धरून जबडे अडकवत होती. पलीकडे कमळवयनी. बराच वेळ ती यमुनेकडे बघत होती. मग तिने तंबाखू थुंकली, हे महत्त्वाचं, कारण कमळवयनी तंबाखू फक्त भांडणासाठी थुंकते, आणि म्हणाली,

"यमुने, तुजा तोंड कुनच्या बोंबलात अडकलाय गो? सोडवून घे की लवकर!"

दोरीवरचे बोंबील हलायचे थांबले. मी मनात म्हटलं, आज हिला खाडीत टाकतो, भाऊ काय म्हणायचा ते म्हणो.

यमुनेने दातांतला पदर सोडला. "तुज्या सासूच्या!"

आता कमळवयनीची सासू म्हणजे यमुनेचीही सासू, म्हणजे माझी आई. वर स्वर्गात बसलेल्या आईलाही ठसका लागला असेल. बायका फुटल्या. सगळा हिवाळा दाबून ठेवलेलं हसू एकदम बाहेर आलं, आणि त्यात यमुना, तोंड उघडं, पदर मांडीवर, वाकडी, डाव्या डोळ्यातून पाणी वाहतंय, हातातले दोन बोंबील गदगदा हलतायत. आणि हसता हसताच ती बोलली,

"आनि ऐक गो, ज्या दिवशी झाला ना, यांनी काय केला म्हायतंय? टाळ्या वाजवल्या! म्हनाले हुबेहूब कमळवयनी, परत कर!"

बायकांनी आधी कमळवयनीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग जे काही झालं, त्याने समोरच्या बेलापूरच्या टेकडीचा एखादा दगड नक्की घरंगळला असेल. कमळवयनी ओरडत होती, "म्हंजे तू माजी नक्कल करतेस? किती वर्सं?" आणि यमुना ते पुढे वाढवून सांगत होती. मी नाचलो म्हणे. शिट्टी मारली म्हणे. शेजाऱ्यांना बोलावलं म्हणे. माझी बायको माझ्या सगळ्यात काळ्या सकाळची थाप ठोकत होती, माझ्याच ढंगात, माझ्यासमोर. 'ब' आणि 'प' फुसफुसत होते, पण ती थांबत नव्हती.

मी भयंकर रागावलो. बांबू टाकून चालता झालो. होडीच्या आडोशाला जाऊन बसलो आणि तिथे डोळ्यांत जे आलं, ते खारं वारंच होतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय.

त्या रात्री ती हिवाळाभरात पहिल्यांदा घोरली. आरसा दुसऱ्या दिवशी सरळ झाला. आणि पाडव्याच्या आसपास कधीतरी डावा कोपरा हलला, एवढासा, माशीने बसून उठावं तसा. औषधाने हलला, व्यायामाने हलला, की नसेची सूज आपोआप उतरली, ते डॉक्टर जाणोत. कमळवयनीचं म्हणणं आहे, की तिच्यामुळे. तिच्याशी वाद घालायला मी काय वेडा आहे?

आता सगळं जाग्यावर आहे. दमली की तेवढा डावा कोपरा हसण्यात जरा मागून येतो, सुटलेली बस पकडणाऱ्या माणसासारखा, पण चढतो. हाक पुन्हा बसस्टॉपपर्यंत जाते. बोंबील म्हणताना ओठ दणक्यात मिटतात.

आणि माझा राग? तो आहे जिथल्या तिथे. आज सकाळीही बागेतून 'हा हा हा' आलं आणि मी चहाचा कप आपटला. यमुना समोर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, घोट घेतला, आणि डावा गाल लोंबता सोडला. चहा हनुवटीवर.

"अवो, मना काय झालाय वो?"

हे ती अधूनमधून करते. कधी कमळवयनीची नक्कल असते, कधी त्या सकाळची. मी हसत नाही. कप खाली ठेवतो, तिच्या जवळ जातो आणि म्हणतो, "डोळे मीट. दोन्ही."

ती मिटते. डावा मिटतोय, हे मी अगदी वाकून बघून घेतो. मग हसतो.